गुरुवारी न उघडणारं कुलूप

त्या शुक्रवारची सकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. एका तेवीस वर्षांच्या मुलीला अटक करायची, असं ठरवून मी घरून निघाले होते. सोबत महिला शिपाई हवी, अटक सूर्यास्ताच्या आत व्हायला हवी, घरच्यांना लगेच कळवायला हवं, हे सगळं मी वहीत क्रमाने लिहून घेतलं होतं. चूक त्या क्रमात नव्हती.

मुलांनो, तुमच्याकडे आता गाणी काय, शिकवण्या काय, सगळं थेट पडद्यावर येतं. म्हणून आधी ती सीडी समजावून सांगते. या शतकाची पहिली दोन-चार वर्षं. पुण्यात घरोघरी संगणक येऊ लागले होते, पण इंटरनेट सगळ्यांकडे नव्हतं. शहरातले एक नावाजलेले गणिताचे सर निवृत्त झाले आणि कर्वे रस्त्याजवळच्या एका लहान कंपनीने त्यांची बारावीची शिकवणी सीडींच्या संचावर आणली. ज्या मुलांना सरांच्या वर्गात कधी प्रवेश मिळाला नसता, त्यांच्या घरात सर येऊन बसले. संच धडाधड खपला.

या संचाला कुलूप होतं. सीडी संगणकात घातली की पडद्यावर एक लांबलचक आकडा यायचा. तो आकडा म्हणजे त्या संगणकाच्या अंगठ्याचा ठसाच. हा आकडा आणि खोक्याच्या आत चिकटवलेला संचाचा नंबर, असे दोन्ही कंपनीच्या सर्व्हरला कळवायचे. सर्व्हर उलट एक किल्ली पाठवायचा, तीही आकड्यांचीच. ती टाइप केली की सर बोलू लागायचे. एका नंबरला एकच किल्ली, म्हणजे संच एकाच संगणकावर चालणार. घरी इंटरनेट नसेल तर हे काम सायबर कॅफेतून करता येई, नाहीतर कंपनीला फोन करायचा. फोनवर एक मुलगी बसायची. ती दोन्ही आकडे लिहून घ्यायची, सर्व्हरला द्यायची आणि किल्ली वाचून दाखवायची.

मी तेव्हा गुन्हे शाखेत सहायक निरीक्षक होते. माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, म्हणून संगणकाचं प्रकरण माझ्याकडे आलं. इंग्रजी येतं त्याला संगणक येतो, अशी खात्यात समजूत होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असा तेव्हा नियम होता. त्यामुळे कागदावर तपास अधिकारी आमचे साहेब, आणि पायपीट माझी.

दसरा होऊन गेला होता. सोमवारी कंपनीचे मालक आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचेच एक ग्राहक. ग्राहक म्हणजे सदाशिव पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नातवासाठी संच घेतला होता.

"सील मी स्वतः फोडलं," ते म्हणाले. "आणि यांचा सर्व्हर म्हणतो, हा संच आधीच उघडलेला आहे. अहो, उष्टं विकता का तुम्ही?"

"सर, मी तुम्हाला दुसरा संच देतो म्हणालो ना," मालक म्हणाले.

"दुसरा नको. पहिल्याचं काय झालं ते सांगा."

असे त्रेचाळीस ग्राहक निघाले. सीलबंद खोकी, आणि त्यांचे नंबर आधीच वापरलेले. म्हणजे सीडीच्या नकला कुणीतरी करून विकत होतं, आणि न विकलेल्या संचांचे नंबर सर्व्हरला देऊन त्या नकलांसाठी किल्ल्या मिळवत होतं. नकला घेणारे अर्थातच तक्रार करायला येणार नव्हते.

त्याच दुपारी आमच्याकडे एक निनावी फोन आला. तो आमच्या हवालदारांनी घेतला. तीस वर्षांहून जास्त नोकरी झालेले, मूळचे हडपसरचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी खबर शब्दशः उतरवून घेतली होती: "सीडीवाल्या कंपनीत फोनवर पोरगी बसती, तिला धरा. तिचंच काम हाय."

मालकांना हे सांगताच त्यांनी मान डोलावली. "माझाही तोच संशय आहे, मॅडम. नंबरांची यादी तिच्याच पडद्यावर असते. वर्ष झालं नाही नोकरीला, आणि आता हिंजवडीच्या कंपनीत चालली आहे. इतकी घाई कशाची असते माणसाला?"

बुधवारी मी तिला बोलावलं. यवतमाळकडची मुलगी, कर्वेनगरला चार मैत्रिणींबरोबर राहणारी. शेजारी महिला शिपाई बसवली आणि विचारायला सुरुवात केली.

"मॅडम, मी नाही केलं जी," ती आधी एवढंच म्हणाली, आणि मग रडण्याऐवजी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत प्रत्येक फोनची तारीख, ग्राहकाचं नाव, दोन्ही आकडे, किल्ली, सगळं समासात नीट लिहिलेलं. अशी वही मी स्वतःही ठेवली असती.

"या त्रेचाळीसपैकी एकही इथे नाही," मी म्हणाले.

"मी दिल्याच नाहीत, तर असतील कशा?"

"चोरी करणारी माणसं चोरी वहीत लिहीत नाहीत."

ती म्हणाली, "मॅडम, पुढच्या सोमवारी मला हिंजवडीला रुजू व्हायचं आहे. ते पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. माझं नाव कागदावर आलं तर दाखला मिळन का?"

मिळणार नव्हता. मी तसं सांगितलं. खोटा धीर देण्याची मला सवय नाही.

"बाबा म्हणतील, चाल घरी," ती म्हणाली. "पुन्हा पाठवणार नाहीत."

तिला जाऊ दिलं. त्या त्रेचाळीस नंबरांची सर्व्हरवरची नोंद मी कागदावर छापून घेतली होती: किल्ली कोणत्या नंबरला, कोणत्या तारखेला, किती वाजता गेली. इंटरनेट फोनच्या तारेवरून असल्याने मागणारा कुठे बसला आहे हे त्यातून लगेच कळत नव्हतं. इंटरनेट पुरवणाऱ्यांना पत्र धाडलं होतं, आणि उत्तर कधी येईल ते सांगायला कुणी तयार नव्हतं. गुरुवारी सकाळी मी जुनं कॅलेंडर घेऊन बसले आणि पेन्सिलीने प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला. रविवारी किल्ल्या गेल्या होत्या. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी गेल्या होत्या. वेळ नेहमी दहा ते सहाच्या दरम्यानची. गुरुवारी मात्र काही नाही. जूनपासून गुरुवार जवळजवळ कोरे.

तिला पुन्हा बोलावलं. चहा-बिस्किटं मागवली होती, ती तिने नको म्हटली.

"का?"

"गुरुवार आहे. उपास असतो माझा. कंपनीतून सुटली की दत्ताच्या देवळात जाते."

मालक बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी दारातूनच ऐकलं आणि उठून आत आले. "बघा मॅडम! देवाच्या वारी पाप नको, एवढी अक्कल आहे. बाकीचे सहा दिवस मोकळे!"

मुलांनो, मला ते पटलं. इतकं चोख बसलं की पटण्यावाचून इलाज नव्हता. रविवारी कंपनी बंद असते. मग तिने सायबर कॅफेतून केलं असेल, असंही मीच मनाशी जुळवून टाकलं. कागदावर तिच्या नावापुढे 'संशयित' लिहिलं आणि साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "खात्री असेल तर उद्या अटक करा." मी म्हणाले, "आहे."

शुक्रवारी सकाळी हवालदारांना गाडी सांगायला सांगितली. ते हलले नाहीत. टेबलावरच्या माझ्या पेन्सिलीच्या वारांकडे बघत उभे राहिले.

"काय हवालदार? बोला की."

"मॅडम, हा गुरुवार उपासाचा धरला का आपण?"

"मग कशाचा?"

"आमच्या हडपसरला औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारी असते. माझे दोन्ही भाऊ कारखान्यात आहेत. रविवारी कामावर, गुरुवारी घरी. साऱ्या वसाहतीत गुरुवारी माणूस दिसत नाही."

"उपास करणारे पुण्यात हजारो आहेत, तसे गुरुवारी सुट्टी असणारेही हजारो असतील. यावरून ठरवायचं कसं?"

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "पण एक गुरुवार कोरा नाही. तिथे तीन नोंदी आहेत."

मी कागद जवळ ओढला. सप्टेंबरमधला एक गुरुवार. त्या दिवशी तीन किल्ल्या गेल्या होत्या. मी 'अपवाद' असं बाजूला लिहून पुढे गेले होते. त्याच आठवड्यातला मंगळवार मात्र कोरा. तो मंगळवार कोणता हे मला कॅलेंडर न बघताही सांगता आलं असतं. अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या बंदोबस्ताला आम्ही दोघं लक्ष्मी रस्त्यावर सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभे होतो, आणि माझ्या पायांना त्याची आठवण आठवडाभर होती.

"चतुर्दशीला कारखान्यांना सुट्टी असते का?" मी विचारलं.

"मिरवणुकीला कोण कामावर येणार? मंगळवारी सुट्टी देतात आणि गुरुवारी भरून घेतात. दर वर्षी तसंच."

मी खुर्चीत मागे टेकून बसले. देवाचा गुरुवार मंगळवारी सरकत नाही. कारखान्याचा सरकतो. त्या आठवड्यात ही मुलगी गुरुवारी उपाशीच असणार, आणि किल्ल्या मागणारा माणूस कामावर होता.

मालकांना फोन लावला. "तुमचं हडपसरच्या वसाहतीत कोणतं काम होतं?"

"सीड्या तिथेच छापतात. नंबर चिकटवणं, सील करणं, सगळं तिथेच."

"म्हणजे नंबरांची यादी तिथेही असते."

"असते. आम्हीच ईमेलने पाठवतो."

"हे चार दिवसांत तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मॅडम, ते पहिल्यापासूनचे आपले लोक आहेत. विश्वासाचे."

"आणि ही?"

मी फोन ठेवला. साहेबांच्या कानावर घातलं, दोन पंच घेतले आणि अटकेसाठी सांगितलेली गाडी हडपसरला नेली.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी खोली. सील करण्याच्या विभागाचा सुपरवायझर पन्नाशीकडे झुकलेला, अतिशय अदबशीर माणूस. त्याने पंचांना खुर्च्या पुसून दिल्या. त्याच्या टेबलावर संगणक होता, शेजारी इंटरनेटसाठी फोन. खणात शाळेची दोनशे पानी वही निघाली. तीत लांबलचक आकडे, त्यांपुढे संचांचे नंबर, त्यांपुढे किल्ल्या. पंचनाम्यात मी पहिले दहा नंबर लिहून घेतले. दहाही त्या त्रेचाळिसांतले होते.

"मॅडम, माझी मुलगी बारावीला हाय," तो म्हणाला. "संच रोज माझ्या हातातून जायचा आन् घरी न्यायचा म्हणलं तर परवडत न्हवता. एक तिच्यासाठी उघडला. मग शेजारच्यांनी मागितला. मग कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला म्हणाला, मला आणून देत जा."

"गिऱ्हाइकांचे आकडे तो आणून द्यायचा?"

"फोनवर सांगायचा. मी किल्ली काढून द्यायचो. सर शिकवत्यात, पोरं शिकत्यात. त्यात नुकसान कुणाचं?"

"ज्याने पैसे मोजून सील फोडलं त्याचं. आणि आम्हाला फोन कुणी केला?"

त्याने मान खाली घातली. "मीच. तक्रारी यायला लागल्या म्हणून."

"त्या मुलीने तुमचं काय केलं होतं?"

"काय बी नाही. मला तर तिचं नावसुद्धा ठाऊक नाही, मॅडम. फोनवर एक पोरगी असती, येवढंच."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत वाईट. वैर असतं तर मला समजलं असतं. इथे फक्त एक रिकामी जागा होती आणि ती भरायला जवळपास कुणीतरी हवं होतं. मग मला हेही कबूल करावं लागलं, की मालकांनी तिचं नाव पुढे केलं त्यालाही याहून मोठं कारण नव्हतं, आणि माझ्या 'आहे' या उत्तरालाही नव्हतं. ती नवी होती, बाहेरगावची होती आणि गुरुवारी बिस्किट खात नव्हती.

पुढे सुपरवायझर आणि झेरॉक्सवाला या दोघांविरुद्ध कोर्टात रीतसर दोषारोपपत्र गेलं. मुख्याध्यापकांच्या नातवाला नवा नंबर मिळाला. आजोबांनी तो आमच्यासमोर चालतो का ते बघून घेतलं आणि मगच मालकांचा चहा घेतला.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी मुलीला शेवटचं बोलावलं होतं. सगळं सांगितलं, सकाळी तिला अटक करायला निघाले होते हेही. ते लपवलं असतं तर चाललं असतं, पण मग मला रात्री झोप आली नसती. तिने एवढंच विचारलं.

"उपासामुळे जी?"

"उपासामुळे."

"आई म्हणते, उपासाने संकट टळते," ती म्हणाली, आणि एकदम हसली. हवालदारही हसले, त्यांना हसताना मी क्वचित पाहिलं होतं. मग तिने साक्षीदार म्हणून जबाब दिला, त्याखाली ठसठशीत सही केली आणि दाखल्याचा अर्ज किती नंबरच्या खिडकीवर द्यायचा ते विचारून घेतलं. पुढच्या सोमवारी ती हिंजवडीला रुजू झाली. आता तिच्या हाताखाली पन्नास माणसं आहेत असं ऐकते. मला बरं वाटतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे निवृत्त होईपर्यंत पाळली. सगळं चोख जुळून आलं की मी आधी ती नोंद शोधायची, जिच्यापुढे मी स्वतःच्या हाताने 'अपवाद' लिहिलं आहे. न जुळणारी एक नोंद जुळणाऱ्या चाळीस नोंदींहून जास्त बोलते, पण तिचं ऐकायला आपल्याशेजारी एखादा न हलणारा हवालदार लागतो.

ती गेल्यावर मी तपासाचा कागद काढला. सरकारी कागदावर शब्द खोडायचा तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची, असा नियम आहे. म्हणजे चूक कुणाची होती ते पुढच्या माणसाला कळतं. मी पट्टी घेतली, 'संशयित' या शब्दावर रेघ मारली, वर 'साक्षीदार' लिहिलं आणि माझं पूर्ण नाव घालून सही केली.