तिच्या वतीने मी दिलेला होकार

रेल्वेच्या ऑफिसात मला सत्तावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिथला एक कोरा कागदही मी घरी आणला नाही. मुलीच्या शाळेच्या कामालाही कागद बूढ़ापाऱ्यातल्या दुकानातून विकत आणत असे. हे मी पूर्वी अभिमानाने सांगायचो, आता सांगत नाही. दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही, एवढीच ती गोष्ट होती, आणि घरात मी ती पाळली नाही.

मुलगी डिझाइनचं शिकली. चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून तिने काम सुरू केलं. पत्रिका, पाट्या, माहितीपत्रकं. दोन वर्षांत तिने केलेली कामं मी नंतर मोजली, ती एकेचाळीस निघाली. त्यांतली सव्वीस माझ्यामार्फत आलेली होती, आणि त्या सव्वीसांपैकी एकाचेही पैसे तिला मिळाले नव्हते. साळ्याच्या मुलाची लग्नपत्रिका, शेजाऱ्यांची वास्तुशांत, ऑफिसातल्या निवृत्तांची मानपत्रं. कुणी नुसतं विचारायचं, आणि "आपलीच पोट्टी आहे, करून देईल," हे मी म्हणायचो. विदर्भातून इथे हिंदी मुलखात येऊन राहिलेली आमची थोडी घरं. आपसांत पैशाचं बोललं की परकेपणा वाटतो. मांडववाल्याला आणि छापखान्याला मात्र आम्ही पैसे देत होतो, तेव्हा परकेपणाचा प्रश्न येत नसे.

मागच्या वर्षी समता कॉलोनीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी तिला काम दिलं. नमुना म्हणून एक माहितीपत्रक सोमवारपर्यंत करायचं, आवडलं तर दोन्ही दवाखान्यांचं वर्षभराचं सगळं काम तिचं. एका विमा कंपनीच्या ऑफिसातली नोकरीही तिला मिळत होती, त्यांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला होता. दवाखान्याचं काम मिळालं तर ती नोकरी नाकारणार होती. मला हे सगळं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "अहो, स्मरणिका राहिली ना यंदाची! चौसष्टच पानं तं आहेत. पोट्टीसाठी दोन तासांचा खेळ."

"हव, होऊन जाईल," मी म्हणालो.

तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

"त्यात काय विचारायचं? घरचंच काम आहे."

"घर का है, तो घर में एक बार कोई पूछ लेता."

पण मी शब्द दिला होता, म्हणून ती बसली. शनिवार-रविवार दोन्ही दिवस अध्यक्ष आणि मंडळातले दोघे तिच्या पाठीमागे खुर्च्या टाकून बसले. "माझा फोटो जरा मोठा कर बेटा." "आमच्या मिसेसचं नाव वर घे न." "हा रंग लय भडक होऊन राहिला." अध्यक्षांचं एक पान एकोणीस वेळा बदललं. मी आत-बाहेर चहा नेत होतो.

"तुले तं मजा आहे बाई," एक जण म्हणाले, "घरी बसून रंग भरायचे!" ती हसली. मीही हसलो.

स्मरणिका मंगळवारी संपली. दवाखान्याचं पत्रक बुधवारी गेलं. तोवर डॉक्टरांनी दुसरीकडून करून घेतलं होतं. "वो काम गया," एवढंच तिने जेवताना सांगितलं आणि भाजी वाढून घेतली.

गुरुवारी मी तिला न सांगता दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयाने लहान, बोलायला चांगले. मी म्हणालो, "गलती मेरी है. मैंने ही उसको दूसरे काम में लगा दिया था."

"अरे अंकल, कोई बात नहीं. पर काम तो अब दे दिया." मग त्यांनी टेबलावरून तिचंच पत्रक उचललं. "वैसे ये भी अच्छा बना है. पुराने क्लिनिक में चला लेंगे. बस टाइम बदलना है, शाम पाँच की जगह छह. बिटिया से करवा दीजिए ना, दो मिनट का काम है."

"हाँ हाँ, कर देगी," मी म्हणालो.

जिन्यात आल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. परत जायला अकरा पायऱ्या चढायच्या होत्या. दिलेला शब्द मागे घ्यायची मला लाज वाटली, आणि मी खाली उतरलो. तो शब्द माझा नव्हताच, हे तेव्हाही समजत होतं.

घरी ती टेबलापाशी विमा कंपनीतल्या नोकरीवर रुजू होण्याचा अर्ज भरत बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अर्ज बाजूला सरकवला आणि कॉम्प्युटरवर ते पत्रक उघडलं.

"पाँच की जगह छह?"

"हो."

"और कुछ?"

"नाही."

तिने बदललं, पाठवलं, कॉम्प्युटर बंद केला. मग अर्ज पुन्हा पुढे ओढून विचारलं, "बाबा, माझा जन्माचा दाखला कुठे आहे?"

मी उठलो आणि कपाटातून काढून दिला.