लॉर्नाची वसुधा झाली

पहिला नकार आला तेव्हा सुमेधाने तो नवऱ्याला कौतुकाने वाचून दाखवला होता. लंडनच्या एका साहित्यिक एजंटने तिच्या कादंबरीबद्दल दोन ओळींत कळवलं होतं, की लिखाण चांगलं आहे, पण आम्हाला त्याच्या प्रेमात पडता आलं नाही. "बघ अनुप, निदान वाचलं तरी," ती म्हणाली. पुढे तेच वाक्य वेगवेगळ्या सह्यांनिशी इतक्यांदा आलं, की प्रेमात पडणं या शब्दांचाच तिला उबग आला.

सुमेधा ब्रिस्टलला, विमानाच्या पंखांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पुण्याहून आली आणि इथेच रुळली. घरचे उठायच्या आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वर्षानुवर्षं खपून तिने इंग्रजीत एक कादंबरी लिहिली होती. लॉर्ना नावाची कारखान्यातली इन्स्पेक्टर. तिने पास केलेल्या विमानाच्या एका भागात खोट निघते. कोणी मरत नाही, तिला कोणी पकडतही नाही, पण तिला ते जन्मभर सलत राहतं. लॉर्नाचं तुटक बोलणं, तिचा हट्ट, सगळं सुमेधाने शॉप फ्लोअरवरच्या बायकांकडून टिपलेलं.

आणि एकदा हॅरिएट नावाच्या एजंटने व्हिडिओ कॉलवर बोलायला वेळ मागितला. सुमेधाने त्या दिवशी सुट्टी घेतली.

"तुमची वाक्यं सुरेख आहेत," हॅरिएट म्हणाली. "पण ही गोष्ट तुम्हीच का सांगायची, ते कळत नाही. लॉर्ना भारतीय असली तर? घर, स्वयंपाक, सासू... तुमच्याकडे ते सगळं असणारच."

सुमेधाची सासू पुण्यात कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली. सुनेला तिने आजवर एकच सल्ला दिला होता, नोकरी सोडू नकोस. पण सुमेधा कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि "हो, आहे ना," म्हणाली.

मग लॉर्नाची वसुधा झाली. तिला खाष्ट सासू मिळाली, पाट्यावर वाटलेले मसाले मिळाले. विमानाचा भाग मागे मागे गेला आणि हळूहळू नाहीसाच झाला.

"तुला आवडतंय का हे?" अनुपने विचारलं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय. आता मी नखरे करू?"

ब्रिस्टलमध्येच जन्मलेल्या त्यांच्या मुलीने, ईशिताने, काही पानं वाचली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, हा सासू कोण आहे? आपला आजी असं कधीच नाही बोलत."

"ती आजी नाहीये," सुमेधा खेकसली. "ते फिक्शन आहे."

हॅरिएटचं उत्तर आलं तेव्हा सुमेधा ऑफिसच्या कार पार्कमध्ये होती. हॅरिएटने लिहिलं होतं, की वाचताना हे आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटत राहिलं, अशा कादंबऱ्या सध्या फार झाल्यात, शुभेच्छा. सुमेधा आत गेली, मीटिंग केली, घरी येऊन एक जहाल मेल लिहिला आणि पाठवलाही. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

जुनी प्रत कॉम्प्युटरवर शाबूत होती. ती उघडून तिने पुन्हा लॉर्नाच्या गोष्टीला हात घातला. पण लॉर्ना तोंड उघडायची आणि वसुधा बोलायची.

त्या सुमाराला, सुमेधा जायची त्या लायब्ररीतल्या लेखकांच्या ग्रुपमध्ये तनू आली. मूळची नागपूरची, इथे मास्टर्स करणारी. "सुमेधाताई, तुम्ही एकदा वाचाल?" म्हणत तिने तिची पहिली गोष्ट दिली. ती ब्रिस्टलच्या एका बस ड्रायव्हरची होती. गोष्ट चांगली होती. दुसऱ्या पानालाच सुमेधाला ते कळलं.

पुढच्या शनिवारी लायब्ररीखालच्या कॅफेत ती तनूला म्हणाली, "वाक्यं छान आहेत गं. पण बस ड्रायव्हरचं तू कशाला लिहायचं? नागपूरचं काहीतरी लिही. ऊन, संत्री."

तनू हसली. तिला वाटलं, ताई गंमत करतायत.

"मी सिरियसली सांगतेय. हे कोणी घेणार नाही. तुझं नाही हे."

तनूने पानं नीट जुळवून बॅगेत ठेवली. त्यानंतर ती ग्रुपला आली नाही. कोणी चौकशी केली की सुमेधा म्हणायची, "अभ्यास असेल."

पुढे एकदा सुपरमार्केटमध्ये दोघींची गाठ पडली.

"लिहितेस ना?" सुमेधाने विचारलं.

"नाही ताई, डिसर्टेशन आहे. आणि तुमचं बरोबर होतं. ते माझं नव्हतंच."

"अगं नाही, मी चुकीचं बोलले. गोष्ट चांगली होती. खरंच फार चांगली होती."

"थँक्यू ताई," तनू अदबीने म्हणाली. कोणी नुसती समजूत घालत असलं की माणूस म्हणतं, तसं. सुमेधाने स्वतः असं कितीदा म्हटलं होतं.

घरी येऊन तिने तनूला मेसेज केला, ती गोष्ट पाठवशील का? उत्तर लगेच आलं: डिलीट केली ताई, काही विशेष नव्हती.

त्या गोष्टीतल्या ड्रायव्हरची घटस्फोट घेतलेली बायको रोज त्याच्याच बसने कामाला जाते. ती धावत येताना दिसली की तो गाडी थांबवून धरतो, पण ती चढल्यावर एकदाही आरशात पाहत नाही. ते पान सुमेधाला अजून जसंच्या तसं आठवतं. तिने ग्रुप सोडला. अनुपने कारण विचारलं, तर म्हणाली, कंटाळा आला.