काकींच्या चिनी कादंबऱ्या

नव्वदीच्या सुरुवातीला कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावात चिनी कादंबऱ्यांचं वेड दोघींनाच होतं, मला आणि माझ्या चुलत सासूबाईंना. काकींना वाचता येत नव्हतं. तालुक्याच्या वाचनालयातून मी मराठी भाषांतरं आणायची. दुपारी काकी शेंगा फोडायच्या आणि मी वाचायची.

त्यांचा नवरा चीनच्या लढाईत गेला तो परतलाच नाही. प्रेतही आलं नाही. बेपत्ता, एवढंच कळलं. म्हणून तीस वर्षं काकी कुंकू लावत होत्या. कादंबरीतल्या गोष्टीशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. "भात किती येळा खात्यात? परक्या मान्साला घरात ठिवत्यात का?" असले त्यांचे प्रश्न. नवरा तिकडं कुणाच्या तरी शेतावर राबतोय, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला मात्र त्या पुस्तकांत आमचंच घर दिसायचं. तिथंही सुनेला मूल झालं नाही की सगळं घर तिच्या पोटाकडं बघत बसायचं. एवढ्या लांब जाऊन पुन्हा हेच वाचायचं, याचा मला संताप यायचा.

माझी दोन मुलं पोटातच गेली होती. सासऱ्यांनी कारण शोधून काढलं. त्यांच्या भावाला, म्हणजे काकींच्या नवऱ्याला, पितृपक्षात कधी पान वाढलं नाही, तो उपाशी आहे. "औंदा त्याचा म्हाळ घालायचा," ते म्हणाले.

काकी उसळल्या. "आवं, जित्या मान्साचा म्हाळ घालता व्हय?"

मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, तरी काकींनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. भीतीपुढं माझं शिक्षण काही कामाचं नव्हतं.

त्याच आठवड्यात कादंबरीत एक प्रकरण आलं. ज्या मेलेल्यांना कुणी वाली नाही, त्यांच्यासाठी चिनी लोक त्यांच्या सातव्या महिन्यात दाराबाहेर भात ठेवतात, उदबत्त्या लावतात. काकींचे हात थांबले.

"परमुलखातल्या मान्सालाबी?"

"तसं लिहिलेलं नाही काकी. पण दाराबाहेर ठेवलेलं कुणालाही मिळत असेल."

"म्हंजी परकी मान्सं त्यास्नी वाढत आसतील, आन् मी हितं..."

सर्वपित्री अमावास्येला काकी न्हाणीत जाऊन कपाळ धुऊन आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं नवऱ्याचं पान वाढलं. सासरे पोटभर जेवले. माझ्या मनात आशा होती, आणि तिची मला लाज वाटत होती.

दिवाळीच्या आधी माझं तेही मूल गेलं. म्हाळाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

मला उठून बसता येऊ लागल्यावर मी नवी कादंबरी मागवली आणि काकींजवळ जाऊन बसले. बरंच वाचून झालं, तरी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मीच विचारलं, "काकी, ऐकताय ना?"

"ऱ्हाऊ दे पोरी," त्या म्हणाल्या. "आता तिकडं आपलं कोन हाय?"