पंखेवाल्याची गीतं

आमच्या परतवाड्याच्या कॅम्पातल्या अँग्लिकन देवळात, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या चर्चमध्ये, पहिली मराठी गीतं कोणी शिकवली, असं विचारून पाहा. देवळाच्या समितीचे सचिव शेषराव छातीठोकपणे सांगतील, गोऱ्या कर्नलच्या मडमेनं. साफ खोटं. ती शिकवली पुंजाजीनं, आणि पुंजाजी तिथं पंखा ओढायचा.

आशाबाई त्याची पणती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. गोऱ्या शिपायांची उपासना चालायची तेव्हा पुंजाजी व्हरांड्यात बसून छताच्या पंख्याचा दोर ओढत असे. आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. ऐकून ऐकून चाली पाठ झाल्या. पाद्र्यानं केलेले मराठी शब्द त्यानं त्या चालींवर बसवले आणि वस्तीतल्या बायाबापड्यांना शिकवले. दोर ओढता ओढता गुणगुणायचं तर मध्ये दम घ्यावा लागतो, म्हणून तो दर ओळीनंतर थांबायचा. वस्तीही तशीच थांबायला शिकली. चार पिढ्या आम्ही तसेच गायलो.

यंदा देवळाला दीडशे वर्षं झाली. मी निवृत्त मास्तर, म्हणून स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. आशाबाईनं एकच मागितलं.

"मास्तर, मले शाल नोको, नारळ नोको. आमच्या पुंजाजीचं नाव तेवढं छापा."

मी पान लिहून दिलं. शेषरावांनी ते काढून टाकलं.

"बिशप येऊन राहिले, अन् आपण पंखेवाल्याचं कौतुक करून राहिलो?"

मी मान डोलावली. कोण वाद घालत बसणार? आज माझीच मला किळस येते.

सोहळ्याच्या सकाळी आतल्या खुर्च्या पाहुण्यांनी भरल्या. आशाबाईला व्हरांड्यात स्टूल मिळालं. दारात मी स्मरणिका वाटत होतो. तिनं ती शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

गीत सुरू झालं. सोहळ्यासाठी बाहेरून आणलेला कीबोर्डवाला कुठंच थांबेना. आशाबाई मात्र दर ओळीनंतर थांबत होती, आणि तिचा आवाज आतपर्यंत जात होता. शेषराव तणतणत बाहेर आले.

"आजी, मधात थांबू नोका. सारं गाणं बिघडून राहिलं."

"बिघडलं नाही," ती म्हणाली. "दोर ओढाले वेळ लागते."

आत दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा ती पहिल्याच्या तिसऱ्या ओळीवर होती, एकटी. मी दारातच उभा होतो, आणि आतल्यांबरोबर गात होतो.