म्हात्रे सरांनी सोडलेला मान

सरांवर लिहायचा माझा अधिकार नाही. वडील पॉवरलूमवर कामगार, घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. शब्द तोकडे पडतील, सांभाळून घ्या.

म्हात्रे सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. हजेरीआधी विचारत, "काल कुठं डोकी फुटली?" भिवंडीत उत्तराला तोटा नसे. कुठल्या तरी गोदामाच्या गेटवर फुटलेलीच असत. कोणी म्हणालं, "सर, पहिली काठी त्यांनीच उचलली," की सर हात वर करत. "ते कोर्ट बघेल. आपण विचारायचं, पंगतीत पानं कोणी मांडली?"

सुरक्षा परिषदेच्या पाच कायमच्या खुर्च्यांबद्दलही ते तसंच बोलत. "महायुद्ध जिंकलं त्यांनी जागा धरल्या. पुढं दुसऱ्यांच्या अंगात ताकद आली, पानं मात्र तीच. मग कुणी म्हणतो, सरकून बसा. कुणी पंगतच उधळतो."

मी भीत भीत विचारलं, "मग लहान देश नियम का राखतात, सर?"

"पंगत उधळली की पहिला कोण तुडवला जातो रं?"

मागच्या बाकावरून फैजान म्हणाला, "आणि पहिल्या पानावरचाच उधळायला लागला तर?"

"तर बाबा, ताट डोक्यावर धरून पळायचं!"

सरांचं गाव कशेळीच्या अलीकडे. तिथे होळीत पहिला नारळ टाकायचा मान सरांच्या भावकीचा. खालच्या आळीची माणसं पूर्वी मिठागरावर राबत. आता त्यांची गोदामं होती आणि त्यांना तो नारळ हवा होता. गेल्या होळीला याच वादात एकाची बोटं कोयत्याने तुटली होती. यंदा दोन्हीकडे लोखंडी पाइप जमले. देवळात बैठक ठरली, तेव्हा सर मला म्हणाले, "चल. राष्ट्रं कशी बोलतात ते बघ."

खालच्या आळीचा पुढारी सरळ म्हणाला, "सर, आमची वर्गनी चालते, नारल न्हाय चालत?"

सरांचे थोरले भाऊ, दादा, उसळले. "मान बाजारात मिलत न्हाय!"

सर उभे राहिले. "दादा, यंदा त्यांना देऊ. पुढच्या साली आपण. आळीपाळीने."

मग दादांचा मुलगा ओरडला, "काका, घर इकलंस!" आणि त्याच्या हातातला पाइप सरांच्या कानामागे बसला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खालच्या आळीने त्या पोराचा जबडा फोडला. खुर्च्या उडाल्या, काचा फुटल्या. मी सरांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. माझा शर्ट रक्ताने जड झाला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सर हळूच म्हणाले, "एक शिकवायचं राहिलं रं. पहिलं पान धरून बसतो तो धनवान, असं मी समजत होतो. दादाकडे बघ. जमीन विकली, पैसा संपला. तो नारळच तेवढा उरला होता त्याच्याकडं." पोरावर केस करू नका, असंही त्यांनी पोलिसांना सांगितलं. मला वाटलं, आता सर घरी येतील.

माझी परीक्षा चालू होती. पेपर देऊन बाहेर आलो तर फैजानचा फोन. सर पहाटेच गेले होते. खालच्या आळीची माणसं खांदा द्यायला आली, दादा आडवे आले, "आमचा मानूस, आमीच नेनार." पुन्हा पाइप निघाले. तिरडी रस्त्यात टेकवून दोन्हीकडचे एकमेकांवर तुटून पडले.

"मग सरांना नेलं कोणी?" मी विचारलं.

"पोलिसांनी," फैजान म्हणाला.