कुंदाताई आणि तळ्याकाठची शमी

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून नुकतीच गाडीत बसले होते. फोनवर अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, पुण्याहून बोलत होते. "संगीता, ती गेली गं," एवढंच म्हणाले. आणि मग, "इथे फार गार आहे, म्हणत होती सारखी." त्या फोनला आता सहा-सात आठवडे झाले. बाहेर जुलैचं ऊन होतं, स्टिअरिंगला हात लाववत नव्हता, आणि मी एसी न लावता तशीच बसून राहिले.

शारजात अल नहदाला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान. आसपासच्या मराठी घरांतला गणपती त्या दुकानातून सामान गेल्याशिवाय बसत नाही म्हणा ना. पण मला कुंदाताई आठवतात त्या उन्हातल्या. उन्हाळ्यात ज्याला जमेल तो इथून भारतात पळतो, उरलेले एसीत दडून बसतात. ह्या मात्र ऑगस्ट सरायची वाट बघायच्या. म्हणायच्या, जुलैचं ऊन अंगावर येतं, सप्टेंबरचं अंगाला लागतं. रविवारी सकाळी आम्ही दुबईबाहेर वाळवंटातल्या अल कुद्राच्या तळ्यावर जायचो. अण्णा एसी लावून गाडीतच बसत. "या तुम्ही दोघी भाजून," म्हणत आणि सीट मागे पाडत. आम्ही काठाने चालत असू, आणि ताईंचे प्रश्न सुरू. पक्षी चोच उघडी टाकून का बसलाय? पाणी एवढं कोमट, मग माशांना गुदमरत नाही का? वाळूत बोटं खुपसून बघायच्या, वर किती तापलीय, खाली किती गार.

प्रश्न मला, कारण मी बीएस्सी बॉटनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली; वडील गवंडीकाम करायचे, आणि माझा फर्स्ट क्लास त्यांनी गावभर सांगितला होता. मीही सांगते, लाजत नाही. पण दुबईत त्या डिग्रीला विचारतो कोण? मी शिपिंगची कागदपत्रं बघते. कुंदाताई मात्र कुणाशीही ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची बॉटनीवाली."

एका सप्टेंबरात काठावरच्या एका झाडाखाली त्या थांबल्या आणि विचारलं, याला आपल्याकडे काय म्हणतात? इथले लोक त्याला ग़ाफ म्हणतात, रस्तोरस्ती दिसतं. मीही रोज त्याच्या शेजारून जात होते. त्या दिवशी फांदी नीट बघितली... बारीक काटे, ती पानांची जोडी, कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत काढलेली. म्हटलं, "ताई, ही शमी आहे."

त्या खालीच बसल्या आणि हसत सुटल्या. कारण गणपतीच्या पत्रीतली शमी त्या दोघांनी इतकी वर्षं मुंबईहून विमानाने मागवली होती. पुड्यात काळी पडलेली यायची आणि लोक तीच भक्तिभावाने न्यायचे. गाडीत अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बॉटनीवाले, हळू बोल, गिऱ्हाईक ऐकेल." इथे ते झाड तोडायला बंदी, म्हणून ताई फक्त खाली पडलेली ताजी पानं वेचायच्या. पडलेलं पान देवाला कसं चालेल, असं एका बाईंनी दुकानात विचारलं. ताई म्हणाल्या, झाडाने आपणहून दिलंय, अजून काय पाहिजे देवाला? आणि तेव्हापासून दुकानात शमी फुकट.

यंदा मे महिन्यात हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना पुण्याला न्यावं लागलं. फोनवर एकच धोशा: गणपतीच्या आधी मला परत यायचंय. आरतीसाठी नाही गं, उन्हासाठी! डॉक्टर विमानाला नको म्हणत, त्या तारखांची घासाघीस करत. भाजीवाल्याशी करतात तशी, अण्णा सांगायचे. मला म्हणाल्या, "देवाला म्हणावं, अजून एक सप्टेंबर दे मला, मग काय ते कर." मी म्हटलं, येताय तुम्ही, इन्शाल्ला. बॅग भरून ठेवली होती त्यांनी, सुती कपड्यांची.

अण्णा एकटेच परत आले. वर्षभर घरी गणपती नाही, पण दुकान उघडावंच लागतं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, शमी मागवलेली नाही, येतेस का तळ्यावर? निघायलाच उशीर झाला. पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अण्णांनी गाडी बंद केली आणि उतरले. चष्म्यावर लगेच वाफ धरली. त्यांनी तो पुसला नाही, काढून खिशात ठेवला. पानं वेचता वेचता सदरा पाठीला चिकटला, तरी सावली सोडून उन्हातच उभे राहिले... कसलीतरी चव घेतल्यासारखे. मग तळ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं.

"संगीता, हे झाड या तळ्याचं पाणी पितं, की खाली त्याचं स्वतःचं वेगळं असतं?"

तळं माणसांनी केलेलं. झाड त्याच्या आधीचं असावं. शमीची मुळं फार खोल जातात, हे मला पाठ आहे. पण या झाडाची कुठे वळली असतील...

"नाही माहीत, अण्णा," मी म्हणाले.

"मग बघू या की," म्हणत ते पाण्याच्या बाजूला गेले, गुडघे टेकून बसले आणि हाताने वाळू उकरू लागले. वरची वाळू पोळत होती. मीही शेजारी बसले.