थोरलीचे लाल ठिपके

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी भूगोलाच्या मास्तरांच्या घरी दुसरी बायको म्हणून चार वर्षं काढून बघावीत आणि मग बोलावं. मास्तरांची पहिली बायको आपल्यामागे साड्या, दागिने, फोटो ठेवून गेली असती तर दुसरीने ते गुण्यागोविंदाने कपाटात लावून टाकलं असतं. साड्यांत डांबरगोळ्या घातल्या की त्या निमूट पडून राहतात. पण ही बाई घरभर घट्ट बसवलेले स्क्रू ठेवून गेली होती.

इमारतीतले लोक पहिलीला थोरली म्हणत आणि दुसरीला नवी. पडदे बदलले, भिंतींना रंग लागला, तरी नवी ती नवीच राहिली.

मास्तरांना जगातल्या यच्चयावत नद्यांचे उगम पाठ होते, पण घरातलं पाणी कुठल्या कॉकने बंद होतं ते ठाऊक नव्हतं. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे त्यांनी लग्नाआधी शिकून घेतलं नाही आणि लग्नानंतर शिकायची वेळच आली नाही. थोरली होती ना! खुर्ची डुगडुगली, कपाटाचं दार लोंबलं, कढईचा कान सुटला की ती पदर खोचायची, स्क्रू ड्रायव्हर घ्यायची आणि मास्तरांना पेपर वाचायला बाहेर बसवायची. काम झालं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायची, अर्धा स्क्रूवर, अर्धा लाकडावर. रंग वाळला की स्क्रू सहजी हलत नाही, आणि हललाच तर ठिपका तडकतो आणि लगेच कळतं.

नवीला ही युक्ती काही नवीन नव्हती. तिचा उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू चिमट्याने उचलून ती चष्म्याच्या काड्या बसवायची आणि वर नेलपॉलिशचा थेंब द्यायची. फक्त तिथलं नेलपॉलिश बिनरंगी, पाण्यासारखं. दुरुस्ती केलेली गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, हा मालकांचा दंडक होता.

मास्तर तिला भेटले तेही त्या दुकानातच. नंबर बदलून घ्यायला आले होते, फ्रेम मात्र जुनीच हवी होती. नवीने चष्मा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. उजव्या काडीच्या बिजागरीवर मोहरीएवढा लाल ठिपका होता. "हे कोणी केलंय?" तिने विचारलं. "माझ्या मिसेसने," मास्तर म्हणाले. "छान हात आहे त्यांचा. मी याला हात लावत नाही," नवी म्हणाली. तेव्हा ती हे अगदी मनापासून म्हणाली होती. त्या मिसेसना जाऊन दोन वर्षं झाली आहेत हे तिला मास्तरांच्या तिसऱ्या खेपेला कळलं. चौथ्या खेपेला चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी मास्तर आले. पुढचं सांगत बसत नाही. दोघंही चाळिशी उलटलेली होती आणि दोघांनाही एकटं जेवायचा कंटाळा आला होता.

लग्न झालं, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी ते वाक्य उच्चारलं. नवी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. खुर्ची जरा मागे रेलली, तसे मास्तर म्हणाले, "खुशाल रेल. तिने केलंय ते हलायचं नाही."

माणूस सरळ मनाचा. त्याला वाटलं, आपण बायकोला धीर देतोय. पण नवी खुर्चीत ताठ बसली.

मग ते वाक्य घरात मुक्कामालाच आलं. कपाट उघडा, तिने केलंय ते हलायचं नाही. पडद्याचा दांडा ओढा, तिने केलंय ते हलायचं नाही. नवीने भाजी कितीही चांगली केली तरी ती संपून जायची. चादर धुतली तरी परत मळायची. थोरलीचं काम मात्र जिथल्या तिथे, घट्ट, वर कुंकू लावल्यासारखा ठिपका. सवत जिवंत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं?

नवी दुपारी दुकानात जाई, म्हणजे सकाळी मास्तर शाळेत गेले की घरात ती आणि ठिपके. एका सकाळी तिने खुर्ची उलटी केली आणि पोटाखालचे चार बोल्ट पाहिले. हलवून पाहिले. एकही हलेना. एखादा जरी सैल निघाला असता तरी तिचा जीव थंड झाला असता. तिने दुकानातून नेलपॉलिश पुसायचं बाटलीतलं पाणी आणलं होतंच. कापसाचा बोळा घेतला आणि पहिला ठिपका पुसला. लाल रंग कापसात उतरला तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. लाज वाटली म्हणून ती थांबली मात्र नाही. बोल्ट पूर्ण काढला, साफ केला, परत आवळला आणि वर आपला बिनरंगी थेंब ठेवला.

त्यानंतर तिने कपाटाचं दार घेतलं. बिजागरीचे स्क्रू काढले तर आत भोकांत काडेपेटीतल्या काड्या डिंकात बुडवून ठासलेल्या. भोक सैल झालं की असंच करतात, त्यात नवल नाही. पण काड्यांची गुलं आधी नीट छाटलेली होती आणि टोकं लाकडाच्या पातळीत तासलेली. दार लावलं की हे कुणालाही दिसायचं नाही. तरी बाईने ते असं केलं होतं. नवी बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसली. काम वाईट असतं तर तिने नाक मुरडून माफ केलं असतं. काम चांगलं होतं, याचाच तिला राग आला. तिने त्या काड्या कोरून काढल्या, आपल्या हाताने नव्या ठासल्या आणि त्यांची गुलं थोरलीपेक्षाही बारकाईने छाटली.

असं एक एक करत पलंग झाला, शिवणाच्या टेबलाचे खण झाले, न्हाणीघरातला आरसा झाला. कढईच्या कानावरचा ठिपका विस्तवावर केव्हाच करपून काळा पडला होता, तोही तिने घासून काढला. मास्तरांना पत्ता नाही. आणि नवीची खरी पंचाईत इथेच झाली. आता ज्या खुर्चीवर मास्तर रेलत होते ती नवीने आवळलेली, ज्या पलंगावर कूस बदलत होते तो नवीने बसवलेला, पण वाक्य तेच. "बघ, अजून कुरकुरत नाही. तिने केलंय ते हलायचं नाही." नवी आतल्या आत धुमसायची. हे माझं आहे, असं म्हणावं तर तिचं कुठे गेलं हे सांगावं लागणार. शेजारचे भाऊ एकदा कपाटाचं दार उघडझाप करून म्हणाले, "थोरल्या वहिनींचा हात काय होता हो," आणि नवीने त्यांच्या चहात साखर घातलीच नाही.

एवढं करूनही एक ठिपका राहिलाच. मास्तरांच्या चष्म्यावरचा. चहा पिताना, जेवताना, पेपर वाचताना तो तिच्या समोर असायचा, उजव्या कानशिलापाशी. घरातले सगळे पुसले तसतसा तो तिच्या डोळ्यांत जास्तच खुपायला लागला. मास्तर चष्मा झोपतानाच काढत आणि उशाशी ठेवत. तिला कधीही उचलता आला असता. पण "मी याला हात लावत नाही," असं तिने दुकानात स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं, आणि का कोण जाणे, तो शब्द तिला मोडवेना. अलीकडे ती काडी ढिली झाली होती. मास्तर घडीघडी चष्मा नाकावर सरकवत आणि नवी मनात म्हणे, हलला की नाही तिचाही एक स्क्रू? हे समाधान ती पुरवून पुरवून वापरत होती.

अशात थोरलीची धाकटी बहीण आली. लांब परदेशी असायची, बहीण गेली तेव्हाही तिला पोचता आलं नव्हतं. आता पहिल्यांदाच येत होती. आल्याबरोबर तिने घरभर नजर फिरवली. पडदे निराळे, रंग निराळा. तिचा चेहरा पडला, तसे मास्तर म्हणाले, "अगं, तुझी ताई या घरात कोपऱ्याकोपऱ्यात आहे. थांब, दाखवतो."

नवी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती तिथेच उभी राहिली.

मास्तरांनी खुर्ची उलटी केली. चष्मा सावरला, वाकून पाहिलं. "इथेच असतो बघ, लाल ठिपका." ठिपका नव्हता. त्यांनी दुसरी खुर्ची उलटी केली, मग कपाट उघडलं, मग मेहुणीला घेऊन आरशापाशी जाऊन आले. नकाशावर मोठी नदी सापडू नये तसे ते गोंधळले होते. मेहुणीने कपाटाच्या बिजागरीवर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "भावोजी, इथला रंग कोणीतरी पुसलाय."

मास्तर वळले. "अगं, तुला काही..."

"मी पुसले," नवी म्हणाली. हातातला ट्रे तिने टेबलावर ठेवला.

"सगळे?"

"सगळे."

"सैल झाले होते का?"

हो म्हणायला काय जात होतं? मास्तरांनी जणू दार उघडून धरलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. पण चार वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडातून सरळच बाहेर आलं. "एकही सैल नव्हता. सगळे घट्ट होते. म्हणूनच पुसले. तुम्ही उठताबसता तिचं नाव घेत होतात, मला सहन होत नव्हतं. मी सगळे काढले आणि माझ्या हाताने परत बसवले."

मास्तर खाली बसले, उलट्या न केलेल्या एका खुर्चीवर. बसल्यावर त्यांनी खुर्चीच्या हाताला जरा चाचपलं. "म्हणजे इतके दिवस मी जे म्हणत होतो..."

"ते माझं होतं."

नवीने हा क्षण मनात कितीदा रंगवला होता. त्यात मास्तर ओशाळत, आणि आपण काही न बोलता आत निघून जात असू. मास्तर ओशाळलेही. पण मेहुणी कपाटाच्या दाराला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवीवर ती रागावली असती तर नवीने दोन शब्द सुनावले असते. मेहुणीने फक्त विचारलं, "एकही नाही राहिला का हो?"

मास्तरांना आठवत नव्हतं. रोज नाकावर घेऊन हिंडत होते, पण चष्मा घातलेल्या माणसाला चष्मा कुठे दिसतो. या घरात ते फक्त नवीला माहीत होतं. ती गप्प बसली असती तर मेहुणी चहा पिऊन परत गेली असती, आणि घर पुरतं नवीचं झालं असतं.

"एक आहे," नवी म्हणाली.

ती मास्तरांपाशी गेली आणि तिने त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. दुकानात काढायची तसा, दोन्ही हातांनी, कानांना न ओढता. मास्तर मिचमिच्या डोळ्यांनी दोघींच्या दिशेने बघत राहिले. नवीने चष्मा मेहुणीच्या तळहातावर ठेवला आणि तो ठिपका दाखवला. मेहुणीने त्यावर बोट टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली, खूप वेळ. नवीला तेवढा वेळही जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

"ही काडी हलतेय," शेवटी मेहुणी म्हणाली.

"हो. आवळायला हवी. पण स्क्रू फिरवला की ठिपका फुटेल."

मास्तर म्हणाले, "आवळून टाक."

"भावोजी..."

"आवळू दे तिला. तिचं काम घट्ट असतं."

चार वर्षं जे ऐकायला नवीने घरातला एकूण एक स्क्रू उपसला होता, ते हे. ती पर्समधून दुकानातला छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. चष्मा उजेडाकडे धरला, टोक स्क्रूच्या खाचेत बसवलं. अर्धा फेरा पुरला असता. ठिपका अगदी नखापाशी होता, मोहरीएवढा, कडेने जरासा उडालेला. हात कोणाचा होता ते बघताक्षणी ओळखू येत होतं.

तिने स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला. "तेवढी ढिली नाहीये," ती म्हणाली. "अजून खूप दिवस जाईल."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी ती असं खोटं कधी बोलली नव्हती. मास्तरांना ते कळलं, मेहुणीलाही कळलं. तिने चष्मा मास्तरांच्या डोळ्यांवर चढवला. तो लगेच नाकावरून घसरला. मास्तरांनी तो बोटाने वर सारला आणि तिच्याकडे पाहिलं. चहा निवला होता. नवी तो गरम करायला आत गेली, आणि दारातून वळून बघते तो लाल ठिपका जिथल्या तिथे. तिचा जीव पहिल्याइतकाच जळला, पण तिने चहा गरम करून आणला.